क्लिक खूप, ऑर्डर एकही नाही

ऑफिसातले किस्से साठत जातात. चार मित्र जमले की तेच ते सांगून आपण पुन्हा हसतो. आमच्या ऑफिसातले हे किस्से सांगताना मात्र मला आधी लाज वाटते, हसू नंतर!

नागपुरात आमचं छोटं ऑफिस. लोकांना वेबसाइट करून देतो आणि इन्स्टावर तिची जाहिरात चालवतो. लिंकवर क्लिक वाढले की बॉस प्रशांतदादा सगळ्यांना तर्री पोहे खाऊ घालतात. काटोलच्या गजाननभाऊंचं काम आलं आणि पोहे रोजचेच झाले. भाऊंनी यंदा संत्री कळमन्याच्या घाऊक बाजारात न पाठवता थेट घरपोच विकायची ठरवली होती. क्लिक भरपूर, ऑर्डर मात्र एकही नाही.

*

दादांनी निदान केलं, "फोटोत जान नाही!"

मग भाऊंना लग्नातला कोट घालून भर उन्हात बागेत उभं केलं. बिचारे घामाघूम होऊन हसत राहिले. क्लिक आणखी वाढले, आम्ही पोहे खाल्ले.

*

एका काकूंचा फोन आमच्या श्वेतानं घेतला. काकू म्हणाल्या, "ओटीपी पाहाले गेली का दुकानच पळून जाते वं!"

श्वेतानं त्यांना पुन्हा क्लिक करायला सांगितलं. त्या दिवसभर करत राहिल्या आणि आम्ही ते दिवसभर मोजत राहिलो.

*

एकदा घरी लोळत मी माझ्याच मोबाइलवर ती लिंक दाबली. ती इन्स्टाच्या पोटातल्याच ब्राउझरमध्ये उघडली. ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेलो, परत आलो, तर संत्री गायब आणि समोर कुणाची तरी रील!

ऑफिसात आम्ही लिंक कॉम्प्युटरवर तपासायचो. तिथे लॉगिन आधीच झालेलं असायचं, ओटीपी लागायचाच नाही. गिऱ्हाईक जशी उघडतं तशी ती आमच्यापैकी कुणीच उघडली नव्हती. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

दुसऱ्या दिवशी हे दादांना सांगतोय, तोच गजाननभाऊ दारात. जाहिरात बंद करा म्हणाले. संत्री झाडावर थांबेनात, म्हणून कालच सगळा माल कळमन्याला गेला होता.

"मी सोता रोज मागवून पाहून राहिलो गा," ते म्हणाले. "मले वाटलं, मलेच जमत नाही."

जमिनीकडे बघत मी त्यांना खरं काय ते सांगितलं. आता भाऊ आम्हाला फाडून खाणार, असंच वाटलं.

भाऊंनी घाईघाईनं बायकोला फोन लावला.

"ऐकून राहिली का वं? चूक माही नव्हती!"