मामांचं नाक आणि मामींचा श्वास

मीरा-भाईंदरच्या हद्दीत माझ्या बायकोच्या मामांपेक्षा तिखट नाक कुणाला असेल, तर ते माणसाला नसणार, हे मी आजही छातीठोकपणे सांगेन. लग्नानंतर आम्ही मीरा रोडला राहायला आलो, मामा आधीपासून नवघरला. अंतर तसं फार नव्हतं, पण मामा येणार असं कळलं की आमच्या घरात वार्षिक परीक्षेसारखी धावपळ उडायची. केर काढायची नव्हे. केर मामांना चालायचा, जळमटांकडे तर ते ढुंकूनही बघायचे नाहीत. त्यांना चालायचा नाही तो वास. बेल वाजायच्या आत बायको संडासातली अ‍ॅसिडची बाटली शेजाऱ्यांकडे पोचवायची, मी कपाटातल्या डांबरगोळ्या घाईघाईने खिशात कोंबायचो आणि दार उघडायचो. मामा उंबऱ्यावरच डोळे मिटून एक लांब श्वास घ्यायचे आणि अत्यंत प्रेमाने विचारायचे, "जावईबापू, खिशात काय आहे?"

आमच्या वास्तुशांतीला तर ते घरात आलेच नाहीत. भिंतींना ऑइलपेंट ताजा होता. रंग वाळला तरी तो महिनाभर हवेत उतरत असतो, असं त्यांचं म्हणणं. ते जिन्यात पाट मांडून बसले, तिथेच जेवले, आणि येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला रंगाचे दुष्परिणाम इतक्या कळकळीने समजावून सांगितले की निम्मी पंगत जिन्यातच बसली. शेवटी आमचे गुरुजीही दक्षिणा घ्यायला बाहेर आले. बायको रडवेली झाली. मामा म्हणाले, "अगं, घर सुंदरच आहे. मी दोन महिन्यांनी बघायला येतो ना!" आणि खरोखरच आले.

हा माणूस असा का, हे मामींकडे पाहिलं की कळायचं. मामींना दमा होता. मोकळ्या हवेत राहा, असं डॉक्टर म्हणाले म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस दोघं परळची खोली सोडून नवघरला आली. तेव्हा तिथे इमारती कमी आणि हवा भरपूर होती. तरीही मामींना धाप लागायचीच. मी एकदा तो झटका पाहिला. मामी खिडकीचा गज धरून बसल्या होत्या, मामा त्यांच्या पाठीवर हात ठेवून नुसते बसून होते, आणि मामांचा तो चेहरा माझ्याने बघवत नव्हता. नवघरला आल्यावर काही दिवसांतच मामांच्या लक्षात आलं होतं की फिनेलने लादी पुसली की त्या दिवशी झटका हमखास येतो. हवा बाहेर मोकळी असून काय उपयोग, घरातली आपणच बिघडवतोय! रसायनशास्त्राशी मामांचा संबंध इंटर सायन्सला नापास होण्यापुरताच आला होता, पण त्या दिवसापासून त्यांनी युद्ध पुकारलं. फिनेल गेलं, ढेकणांचं औषध गेलं, फवाऱ्याचा पंप भंगारात गेला. केसांचा कलप गेला तेव्हा मामा एका महिन्यात दहा वर्षांनी म्हातारे झाले आणि ऑफिसात लोक त्यांना आजारी समजून फळं आणून देऊ लागले. देवापुढची उदबत्तीही गेली. "देवाला फुलांचा वास पुरतो," मामा म्हणायचे, "आणि पुरत नसेल, तर दमा मामीला आहे, त्याला नाही. त्यानं थोडं सांभाळून घ्यावं."

दारावर सायकलवरून फिनेल विकायला येणाऱ्या भय्याची तर ते वाटच बघत असायचे. तो पांढरं फिनेल बाटलीत हलवून दाखवायचा.

"इसमें क्या है?" मामा विचारायचे.

"खुशबू है, साब."

"वही तो पूछ रहा हूँ. खुशबू में क्या है?"

भय्या बिचारा बाटलीकडे बघत राहायचा. त्याने हा विचार कधी केलाच नव्हता. पुढे तो मामांची इमारत आली की सायकलवरून न उतरता पुढे निघून जायचा. उलट गावातली म्हावरंवाली टोपली घेऊन आली की मामा दार सताड उघडायचे. वरच्या मजल्यावरच्या शाकाहारी भाभीने वासाची तक्रार केली, तेव्हा म्हावरंवाली कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हावरं हाय त्ये. त्याला म्हावऱ्याचाच वास येनार, गुलाबाचा न्हाय येनार!" मामांना हे इतकं पटलं की ते मला मुद्दाम फोन करून म्हणाले, "जावईबापू, हा प्रामाणिक वास. ज्याचा त्याला. भीती लिंबाचा वास येणाऱ्या निळ्या पाण्याची."

मामा हरले ते फक्त डासांपुढे. खाडी आणि मिठागरं दोन्ही बाजूंना असल्यावर दुसरं काय होणार? कॉइल लावायची नाही म्हटल्यावर मामांनी कडुनिंबाचा पाला, नारळाच्या शेंड्या आणि शेणी आणून धुपाटणं पेटवलं. निसर्गातलं ते निर्दोष, अशी त्यांची ठाम समजूत. त्या संध्याकाळी जिन्यात इतका धूर कोंडला की खालच्या मजल्यावरून कुणीतरी बादलीभर पाणी घेऊन धावत आलं. डास तेवढे जागच्या जागी राहिले. आणि मामींना वर्षातला सगळ्यात मोठा झटका आला. डॉक्टर मामांवर चिडलेच. "धूर तो धूर! कडुनिंबाचा आहे हे फुप्फुसाला कोण सांगणार?" घरी आल्यावर मामांनी धुपाटणं स्वतःच्या हातांनी भंगारवाल्याला दिलं. कान पकडून मामींसमोर उभे राहिले, तेव्हा मामींना हसू आवरेना, आणि हसताना पुन्हा खोकला. दुसऱ्या दिवशी मच्छरदाणी आली. दिवेलागणीला मामी आत बसून लसूण सोलायच्या आणि मामा बाहेर खुर्चीवर बसून दंड खाजवत त्यांना पेपर वाचून दाखवायचे. मी म्हटलं, "मामा, तुम्हीही आत बसा की." तर म्हणाले, "छे! मी आत गेलो तर डास तिच्या मागे लागतील. इथे माझ्यावर त्यांचं भागतंय."

मामींची एकच हौस राहिली होती, संक्रांतीचं हळदीकुंकू. दर वर्षी दार बंद ठेवावं लागायचं, कारण बायका कपाटातल्या रेशमी साड्या नेसून येणार आणि साड्यांना डांबरगोळ्यांचा वास येणार. एका जानेवारीत मामी सहज बोलल्यासारख्या म्हणाल्या, "अहो, यंदा आपल्याकडे केलं असतं नं, तर बरं वाटलं असतं." झालं! मामा हळदीकुंकवाच्या आदल्या सकाळी इमारतीतल्या प्रत्येक दारावर हात जोडून उभे. "वहिनी, उद्या नेसायची साडी आज गच्चीवर वाऱ्याला टाकू द्या. मी स्वतः राखण करतो. रंग उडणार नाही, वरून चादरी बांधतोय." बायका आधी हसल्या, मग एकेकीने साडी आणून दिली. दिवसभर गच्चीवर अख्ख्या इमारतीची पैठणी, बांधणी, कांजीवरम फडफडतेय आणि मामा हातात काठी घेऊन कावळे हाकलतायत, असं ते दृश्य होतं.

घोटाळा संध्याकाळी झाला. कुणाची साडी कुठली हे मामांनी रंगावरून लक्षात ठेवलंच नव्हतं. रंग म्हणजे बायकांचं खातं. त्यांनी ठेवलं होतं वासावरून. तळमजल्याची म्हणजे डांबरगोळी अधिक चंदन, भाभीची म्हणजे गुलाबाचं अत्तर, आणि असंच पुढे. आता ते एकेक पदर नाकाशी नेतायत, आणि वास कशालाच नाही! मी गच्चीवर पोचलो तेव्हा साड्यांच्या ढिगात बसून ते आनंदाने आणि धास्तीने एकदमच ओरडले, "जावईबापू, यशस्वी झालो हो! सगळ्या सारख्या झाल्या!" मग अंदाजाने वाटप झालं, भाभीची बांधणी तिसऱ्या मजल्यावर आणि तिसऱ्या मजल्याची पैठणी तळाला गेली, आणि तासभर जिन्यात "भाईसाब, मेरा साडी किधर गया?" चालू होतं.

पण दुसऱ्या दिवशी हळदीकुंकू झालं. कुणी पावडर लावली नव्हती, कुणी गजऱ्याखेरीज काही माळलं नव्हतं. मामी पहिल्यापासून शेवटपर्यंत मधोमध बसल्या, त्यांनी प्रत्येकीला वाण दिलं, उखाणासुद्धा घेतला. एकदाही धाप लागली नाही. स्वयंपाकघराच्या दाराआड मामा उभे होते. मला वाटलं, ते आत काय चाललंय ते ऐकतायत. ते मामींचे श्वास ऐकत होते.

त्यानंतरची सगळी वर्षं मामींची बरी गेली. नव्वदचं दशक संपता संपता त्या गेल्या, त्या दम्याने नव्हे, झोपेत हृदय थांबून. मामा येईल त्याला सांगायचे, "धाप नाही लागली हो. शांत गेली." तेराव्यानंतर मी त्यांना भेटायला गेलो. खिडक्या उघड्या होत्या, घर नेहमीसारखं लख्ख. मामा कपाट उघडून समोर उभे होते.

"जावईबापू," ते म्हणाले, "माणूस गेलं तरी थोडे दिवस त्याचा वास घरात राहतो म्हणतात. उशीला, कपड्यांना, तेलाच्या बाटलीला. मी चार दिवस शोधतोय. ह्या घरात तिचा वास कुठेच नाही. माझ्या नाकालासुद्धा नाही सापडत." मग म्हणाले, "मीच सगळा घालवला नं?"

मी म्हटलं, "मामा, म्हणून तर मामी इतकी वर्षं मोकळा श्वास घेऊ शकल्या."

मामांनी मान हलवली. ते पटल्याचं होतं की नुसतं माझं मन राखायला, मला कळलं नाही. त्यांनी कपाट लावून घेतलं आणि मला म्हणाले, "बसा. चहा टाकतो."