गणिताच्या बाईंची लांब गाडी

"आधी मोजा, मग बोला," असं म्हणत बाई पर्समधून शिंप्याकडची टेप काढायच्या आणि समोरच्याचं बोलणं तिथंच थांबायचं. फळा बसवायला आलेला सुतार असो, की नव्या बाकांचं कौतुक करणारे हेडमास्तर, टेप दिसली की सगळे गप्प. पाथरीच्या आमच्या शाळेत बाई गणित शिकवायच्या आणि मी मराठी. घरंही एकाच गल्लीत, भिंतीला भिंत लागून. तुमच्याही शाळेत अशा एक बाई असतीलच. उंचीनं कमी, आवाजानं जास्त, आणि पदरावर कायम खडूची पांढरी बोटं.

एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी जाहीर केलं, "सर, मी गाडी घ्यायलेय. जुनी. पण मोठी, साहेबलोकांची असती तशी. लांब."

माझा चहा नाकात गेला. बाईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. लग्न केलेलं नव्हतं, घरात त्या आणि ऐंशी ओलांडलेली आई. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी गाडी शिकून लायसन काढलं, तेव्हा आम्हाला वाटलं, रिकामपणाचा उद्योग असेल.

उद्योग नव्हता. आई ओसरीवर पडल्यापासून तिचा उजवा गुडघा वाकतच नव्हता. पाय काठीसारखा सरळ. एसटीची पायरी चढवत नव्हती, जीप उंच पडायची, रिक्षात बसवलं तर पाय बाहेर. आणि आईची धाकटी बहीण वालूरला. तिचंही आता घराबाहेर पडणं बंद झालेलं. तीन वर्षं दोघी बहिणी भेटल्या नव्हत्या. रोज फोनवर इतक्या मोठ्यानं बोलायच्या, की वालूरला मावशींकडे कोणती भाजी शिजली ते मला भिंतीपलीकडे कळायचं.

"दोघींपैकी कुणीतरी आधी जाणारच, सर," बाई म्हणाल्या. "त्याच्या आत एकदा भेट झाली पाहिजे. आईला मागच्या सीटवर पाय पसरून झोपवून नेता येईल, अशी गाडी बघायची. तुमी चला माझ्यासोबत."

मला गाडीतलं एवढंच कळायचं, की पेट्रोल कुठून घालतात. तरी मी गेलो. एवढी मजा मी आयुष्यात दुसऱ्या कशात केलेली नाही.

परभणीच्या पहिल्या एजंटानं चकाचक पांढरी गाडी दाखवली. "बाई, डोळे झाकून घ्या. ही फक्त शनिवारी पोखर्णीला जायची, नरसिंहाच्या दर्शनाला. बाकी सहा दिवस घरी."

बाईंनी आत वाकून बघितलं. ब्रेकच्या पायडलचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. "मग हे एवढं घासलं कसं? शनिवारी दिवसभर ब्रेकवरच उभे होते का?"

दुसरीकडे त्यांनी आदल्या दिवशीच फोन करून बजावलं होतं, "मी येईपर्यंत गाडी चालू करायची न्हाई." गेल्या गेल्या बॉनेटवर हात ठेवला, तापात असलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. बॉनेट गरम.

"सकाळी सकाळी कुठं जाऊन आली?"

"न्हाई हो, उन्हानं तापली."

गाडी शेडमध्ये होती. बाई तिथूनच वळल्या.

त्यांच्या पर्समध्ये टेपशिवाय एक लोहचुंबकही असायचा, रुमालात गुंडाळलेला. तो दारांवरून फिरवायच्या. खाली चांगला पत्रा असला की चिकटतो, ठोकर झाकायला पुट्टी भरलेली असली की पडतो. आणि सगळ्यात शेवटी झोपायच्या. म्हणजे खरोखर. चपला काढून, पदर सावरून, बाई मागच्या सीटवर आडव्या होत आणि उजवा पाय ताठ करत. मी बाहेरून दार लावून बघायचो, पाय आडवा येतो का. येणारे-जाणारे थांबायचे. एका पानवाल्यानं तर मला विचारलं, "काय झालं हो बाईंना? दवाखान्यात न्यायलात का?"

आठवी गाडी एका निवृत्त डॉक्टरांची. निळी, लांब, अंगणातल्या लिंबाखाली ऐटीत उभी. डॉक्टर गाडी दाखवायच्या ऐवजी आमचीच परीक्षा घ्यायला लागले.

"चालवणार कोण?"

"मी."

"याआधी काय चालवलंय?"

"साठ-साठ पोरींचा वर्ग. तीस वर्षं."

डॉक्टरांनी चावी दिली. बाईंनी थंड इंजिन चालू करून आवाज ऐकला, धूर बघितला, पायाखालचा गालिचा उचलून पाण्याचा डाग शोधला, टायरवरचं वर्ष वाचलं. मग चुंबक फिरवला. मागच्या डाव्या दारावर तो चिकटेना. टप्‌कन खाली. पुन्हा लावला, पुन्हा खाली.

"ते... आपल्या गेटला घासली होती," डॉक्टर हळूच म्हणाले.

पण डॉक्टरीणबाई चहाचा ट्रे घेऊन मागेच उभ्या होत्या. "गेटला? तुम्ही तर म्हणाला होतात, दूधवाल्यानं मोटरसायकल घातली!"

"अगं, म्हणजे तेव्हा..."

"मी त्या बिचाऱ्याचं दूध बंद केलं! तेव्हापासून पाणचट दूध पितोय आपण!"

बाई तोवर मागच्या सीटवर आडव्या झालेल्या. आधी आतून खुसखुस आवाज आला, मग गाडीच हलायला लागली. डॉक्टरीणबाईंनी वाकून बघितलं तर ही अनोळखी बाई पाय ताठ करून हसायलेली. त्यांनाही हसू आवरेना. ट्रे मी धरला.

बिंग फुटल्यावर डॉक्टरांनी सगळंच सांगून टाकलं. एसी सुरुवातीला शिट्टी मारतो, मागची एक काच निम्म्यावर अडकते, वायपर पावसात रडतो. बाई उठून बसल्या. "घेतली."

"आणखी चार बघू की," मी म्हणालो.

"कशाला, सर? आपल्या तोंडानं दोष सांगणारा मालक मिळायलाय. ह्याच्यापुढं काय बघायचं?"

तरी त्यांनी ओळखीच्या मिस्त्रीकडून गाडी वर चढवून खालून तपासून घेतली, आणि चॅसीवरचा नंबर टॉर्च लावून स्वतः कागदाशी जुळवला. मगच सही केली.

गाडी गल्लीत आली त्या दिवशी निम्मी गल्ली "येऊ द्या, येऊ द्या" म्हणत होती आणि निम्मी "थांबा, थांबा". दोन्ही ऐकून बाईंनी अर्ध्या तासात गाडी दाराशी लावली.

रविवारी सकाळी मागच्या सीटवर गादी, तीन उशा, चादर, सगळं सजलं. आई वॉकर टेकत बाहेर आली, आत डोकावली आणि थबकली.

"मला झोपवून नेतीस का? लोक म्हणतील म्हातारी गेली!"

"आई, तुझा पाय..."

"पायाचं पाय बघंल. मला रस्ता बघायचाय. मी म्होरं बसणार."

आम्ही पुढची सीट सरकेल तितकी मागं सरकवली. आई आधी बसली, मग पाय आत घेतला. पाय अलगद आत गेला आणि वर चार बोटं जागा उरली.

बाई बघतच राहिल्या. "सर," त्या पडलेल्या आवाजात म्हणाल्या, "पुढची जागा मी मोजलीच न्हाई." इतक्या गाड्यांत झोपून आलेल्या बाई! मी तोंड फिरवून हसलो. मग तीन उशांच्या मधोमध नवरदेवासारखा जाऊन बसलो.

एसीनं शिट्टी मारली तशी आई म्हणाली, "कुकर बंद कर." सेलूच्या रस्त्यावर बाई जपून चालवत होत्या. मागून एसटी आली आणि पुढं गेली. "जाऊ दिलीस?" आई कडाडली. "दाब की!" बाईंनी दाबलं. एसटीच्या बाजूनं जाताना आईनं खिडकीतल्या प्रवाशांना असा हात केला, जणू निवडणुकीला उभी आहे. आम्ही तिघंही ओरडत होतो. का, ते आता आठवत नाही.

वालूरला पोचलो आणि अडलो. मावशींच्या घराचा बोळ अरुंद, गाडी आत जाईना. आईला तेवढं चालवेना. बाईंच्या तोंडावरचा रंग उतरला. तेवढ्यात बोळातून वरात आली. मावशींना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून त्यांचे दोन मुलगे उचलून आणत होते, मागे सुना, शेजारणी. मावशी खुर्चीतूनच ओरडत होत्या, "कुठंय? कुठंय ती?"

मावशींना मागच्या सीटवर बसवलं. मग आईनंही हट्ट धरला, तिला उतरवून मागे घेतलं. ताठ पाय कुठं ठेवावा कळेना, तेव्हा मावशींनी तो उचलून सरळ आपल्या मांडीवर घेतला.

"लय वाळलीस गं."

"अन् तू लय सुटलीस."

मग दोघी बोलायला लागल्या, पण कुजबुजत. तीन वर्षं गावभर ऐकू जाईल असं ओरडणाऱ्या त्या दोघींचा एक शब्दही आम्हाला बाहेर ऐकू येईना. जेवणाची ताटं अडकलेल्या काचेतून तिरकी करून आत दिली. सगळा दुपारचा वेळ दोघी गाडीतच होत्या. बाई बॉनेटला टेकून उभ्या. चष्मा पुसत होत्या, घालत होत्या, परत पुसत होत्या.

त्यानंतर वर्षभर दर पंधरा दिवसांनी वालूर ठरलेलं. मग एका पहाटे आई झोपेतच गेली. मावशींना शेवटचं दर्शन घडवायला बाई स्वतःच गाडी घेऊन गेल्या आणि मावशींना पुढच्या सीटवर बसवून आणलं.

निवृत्तीनंतर बाई वालूरलाच गेल्या, मावशींच्या घराजवळ. आमच्या भिंतीपलीकडे आता शांत असतं. शाळेत गणिताला नवे सर आलेत, चांगले आहेत. पण कोणी त्यांना घाबरत नाही.

परवा सेलूला एसटीनं निघालो होतो. वाटेत उसाची ट्रॉली आडवी आली आणि बस थांबली. तेवढ्यात समोरून ती निळी गाडी आली. पुढं मावशी, मागं चार म्हाताऱ्या खांद्याला खांदा लावून दाटीनं बसलेल्या. सगळ्यांची तोंडं उघडी, सगळ्या हसत होत्या. बसच्या घरघरीत आवाज काही आला नाही. मी खिडकीतून हात बाहेर काढून जोरजोरात हलवला. बाईंनी बघितलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर, मान ताठ. त्या ट्रॉलीला बगल देऊन निघून गेल्या.