उस्तादांचं पोरगं

टीव्हीवरची गाडी वळणाजवळ आली की उस्तादांचा उजवा पाय आमच्या फरशीवर दाबला जायचा. हळूच नाही, चांगला जोर लावून. चप्पल दाराबाहेर काढलेली असायची, त्यामुळे पायाची बोटं पांढरी पडलेली दिसत. गाडी वळण घेऊन सरळ रस्त्याला लागली की पाय सैल व्हायचा. पुढचं वळण आलं की पुन्हा दाबला जायचा. असं शर्यत संपेपर्यंत.

"उस्ताद, ब्रेक तिकडं परदेशात आहे, इथं नाही," असं संतोष म्हणायचा.

"हाव, मालूम हाय," असं म्हणून उस्ताद पाय मागे घ्यायचे. पुढच्या वळणाला पाय पुन्हा जागेवर.

त्या पायाचं कारण सांगतो. नांदेडला वर्कशॉप कॉर्नरच्या मागे आमच्या घरासमोर उस्तादांचं मोटार ड्रायव्हिंग स्कूल होतं. स्कूल म्हणजे एक पत्र्याची खोली, भिंतीवर रस्त्यांवरच्या खुणांचा तक्ता आणि दारात एक जुनी पांढरी गाडी. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक आणि एक क्लच बसवलेला असतो, तो तुम्ही पाहिला असेल. शिकणारा घाबरून भलतंच काही करू लागला की शेजारी बसलेला माणूस आपल्या पायाने गाडी थांबवतो. उस्तादांचं सगळं आयुष्य त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून गेलं होतं. डॉक्टर, वकील, नव्या नवऱ्या, निवृत्त तहसीलदार, सगळ्यांना त्यांनी कौठ्याच्या मोकळ्या मैदानात फिरवलं आणि धडक व्हायच्या आधी थांबवलं. त्यांना ओरडताना मी कधी ऐकलं नाही. शिकणाऱ्याने कितीही गोंधळ घातला तरी ते एवढंच म्हणायचे, "राहू द्या, होते असं."

फॉर्म्युला शर्यतींचं वेड खरं तर मला आणि संतोषला. मी ज्युनियर कॉलेजात शिकवतो, संतोषचं कोपऱ्यावर मेडिकल आहे. रविवारी संध्याकाळी तो दुकान भावाच्या हवाली करून आमच्याकडे यायचा. एकदा उस्ताद माझ्या बायकोच्या लर्निंग लायसनचे कागद द्यायला आले आणि दारातच थबकले. टीव्हीवर एक गाडी भिंतीला धडकून चुरा झाली होती. चालवणारा मुलगा बाहेर निघाला आणि कडेच्या कठड्यावर जाऊन बसला. त्याने हेल्मेट काढलं नव्हतं.

"कोण हाय ते पोरगं?"

"नवीन आहे. पहिलंच वर्ष," मी सांगितलं.

"टोप काढून न्हाई राहिला." उस्ताद आत येऊन खुर्चीच्या टोकावर बसले. "रडत असंल आतमधी."

त्या दिवसापासून ते दर शर्यतीला यायला लागले.

त्यांना त्यातलं फारसं कळायचं नाही आणि कळून घ्यायची त्यांना गरजही वाटत नव्हती. कोणत्या गाडीचं इंजिन कोणाचं, कोणता टायर किती टिकतो, यावर माझे नि संतोषचे वाद सुरू झाले की ते शेंगदाणे सोलत बसायचे. शर्यतीचे तीन दिवस मात्र त्यांनी आपल्या पद्धतीने पाठ केले होते. शुक्रवारी तालीम, शनिवारी परीक्षा, रविवारी लगीन. दोन सेकंदांत चारही चाकं बदलतात हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते इतके हसले की डोळे पुसावे लागले. "आमच्या हिंगोली गेटच्या पंक्चरवाल्याला दाखवा हे," ते म्हणाले. "चहा प्यायल्याबिगर पाना उचलत न्हाई तो."

पुढे कोण आहे, कोण जिंकतंय, याच्याशी त्यांना काही घेणंदेणं नव्हतं. त्यांचा प्रश्न एकच. "आपलं पोरगं कुठाय?"

पोरगं बहुतेक वेळा मागेच असायचं. शेवटून दुसरं नाहीतर तिसरं. त्याच संघातला, अगदी तशीच गाडी चालवणारा जुना ड्रायव्हर पहिल्या पाचांत आणि हा तिकडे शेपटाला. शनिवारच्या परीक्षेत पहिल्याच फेरीत बाहेर. त्या वर्षी आलेल्या बाकीच्या नव्या पोरांना एव्हाना गुण मिळायला लागले होते. संतोषला या पोराचा मनापासून राग यायचा.

"काढून टाकायला पाहिजे याला. अशी गाडी मिळायला लोक जीव टाकतात."

"लेकरू हाय, शिकंल की."

"उस्ताद, हे काय कौठ्याचं मैदान आहे का? तिथं निकाल लागतो दर रविवारी."

"तेच म्हणून राहिलो. दर रविवारी निकाल लागला तर शिकावं कवा?"

गप्प बसणं संतोषच्या स्वभावात नव्हतं. तो आकडे सांगायचा. उस्ताद ऐकून घ्यायचे आणि त्याच्यापुढे सोललेले शेंगदाणे सरकवायचे.

एकदा टीव्हीवर त्या मुलाचं रेडिओवरचं बोलणं ऐकवलं. संघातला एक माणूस त्याला सारखं सांगत होता, शांत राहा, पुढच्या वळणाला लवकर ब्रेक लाव. उस्ताद पुढे वाकले.

"हा जो बोलून राहिला, त्याच्यापाशी ब्रेक हाय का?"

"नाही. तो लांब बसलेला असतो. नुसतं बोलू शकतो."

"नुसतं बोलू शकतो?" त्यांना ते खरंच वाटेना. "मग पोरगं चुकलं तर?"

"तर काही नाही. बघत बसायचं."

उस्तादांनी हातातले शेंगदाणे ताटलीत परत ठेवले. मग म्हणाले, "लई वाईट काम हाय त्या माणसाचं."

याच दिवसांत माझी बायको त्यांच्याकडे गाडी शिकत होती. ती शिकवते ती शाळा कंधारला. बसच्या भरवशावर रोजचं जाणं-येणं तिला नको झालं होतं. ती आधी फार घाबरायची, मग हळूहळू सरावली. रोज सकाळी घरी येऊन ती उस्तादांच्या गमती सांगायची. एक दिवस मात्र ती आली आणि पर्स हातात धरून तशीच पलंगावर बसली.

"आज डाव्या बाजूनं एक स्कूटी आली," ती म्हणाली. "बाई होती, पुढं बाळ उभं. उस्ताद डावीकडंच बसलेले. मला वाटलं, ते ब्रेक मारतील. त्यांनी मारला नाही. मीच मारला."

"लक्ष नसेल."

"लक्ष होतं. ते तिकडंच बघत होते. त्यांना दिसलीच नाही ती."

 मग आम्हाला एकेक गोष्ट आठवत गेली. आमच्याकडे येताना उस्ताद अलीकडे दाराच्या चौकटीला खांदा घासायचे. शेंगदाण्याची ताटली शेजारी ठेवली तर हात चाचपडायचे. टीव्हीच्या कोपऱ्यात सगळ्या ड्रायव्हरांची नावं एकाखाली एक लिहिलेली असतात, तरी ते विचारायचे, आपलं पोरगं कुठाय? इंग्रजी वाचायचा कंटाळा असेल, असं आम्ही समजत होतो.

त्यांना सांगायचं कसं, याचीच आम्हाला चिंता. संध्याकाळी धीर करून दोघंही रस्ता ओलांडून गेलो. उस्ताद पत्र्याच्या खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले होते. आम्हाला बघून उठले, बायकोला म्हणाले, "ताई, उद्यापासून शिकवणी बंद. सगळ्यांची बंद."

"उस्ताद, तसं काही नाही झालं..."

"झालं असतं." त्यांनी खुर्ची तिच्याकडे सरकवली. "तुम्ही होता म्हणून. दुसरं कोणी नवखं असतं तर त्या बाईचं बाळ गेलं असतं. मी बाजूला बसून. ब्रेकवर पाय ठेवून."

त्यांनी हे अगदी हळू सांगितलं. मग विचारलं, "सर, डोळ्याचा डॉक्टर कोणता चांगला?"

मी दुसऱ्याच दिवशी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टर चांगले होते, त्यांनी वेळ दिला. काचबिंदू निघाला. त्यात कडेची नजर आधी जाते, समोरचं बराच काळ दिसत राहतं, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही. आपण एका नळीतून बघतोय हे त्यालाच कळत नाही. गेलेली नजर परत येत नाही. थेंब टाकत राहायचे, उरली आहे तेवढी सांभाळायची.

"चश्म्यानं?" उस्तादांनी विचारलं.

"नाही."

"आपरेशननं?"

"ऑपरेशन केलं तरी गेलेलं येत नाही, चाचा. पुढचं जाणं कमी होईल, एवढंच."

उस्तादांनी मान डोलावली. मीही डोलावली. दुसरं मला काय करता येणार होतं? जिना उतरताना मी त्यांचा दंड धरला तर ते म्हणाले, "राहू द्या सर, पायऱ्या समोर हायेत. समोरचं दिसते."

शिकवणी बंद झाली, पण शर्यतीला ते येत राहिले. खुर्ची टीव्हीच्या अगदी जवळ घ्यायचे. पोरगं कुठाय हे आता मी न विचारता सांगायचो. अठरावं. एकोणिसावं. एका रविवारी ते चक्क अकरावं होतं आणि गुण मिळायला एकच जागा वर सरकायचं होतं. आम्ही तिघेही उभे राहिलो. संतोषसुद्धा "चल, चल" म्हणून ओरडायला लागला. शेवटून दुसऱ्या फेरीत मागच्याला अडवायच्या नादात पोराने वळणावर ब्रेक उशिरा लावला आणि गाडी खडीत जाऊन रुतली. चाकं नुसती जागेवर फिरत राहिली.

उभ्या उभ्याच उस्तादांचा उजवा पाय फरशीवर दाबला गेला होता. तो त्यांनी तसाच ठेवला. टीव्हीवर दुसऱ्या गाड्या दाखवायला लागले तरी.

"राहू द्या," ते म्हणाले. "होते असं." नेहमी दुसऱ्याला द्यायचे ते शब्द त्या दिवशी त्यांनी कोणाला दिले, मला कळलं नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात बातमी आली. संघाने पोराला काढलं. उरलेल्या शर्यती दुसरा कोणी चालवणार. बातमी आधी संतोषने वाचली. वर्षभर तो हेच म्हणत होता, आता दुकान सोडून माझ्याकडे आला आणि म्हणाला, "उस्तादांना नको सांगूस. इतक्यात तरी नको."

पण रविवारी ते आले आणि त्यांनी विचारलंच. मी खरं सांगितलं.

"काढलं?"

"हो."

"सांगितलं कसं असंल त्याला? फोनवर, का समोर बसवून?"

आम्हाला ठाऊक नव्हतं.

"समोर बसवून सांगायला पाहिजे," उस्ताद म्हणाले. "पाणी देऊन." मग थोड्या वेळाने, "त्याला कोणीतरी काढलं तरी. रागवायला माणूस हाय. मी कोणावर रागवू? मला तर मीच काढलं."

संतोष उठला आणि चहा करतो म्हणून आत गेला. त्याला चहा येत नाही. माझ्या बायकोने नंतर सांगितलं, तो ओट्यापाशी नुसता उभा होता.

उस्तादांची बायको फार पूर्वी वारली होती. मुलगी लातूरला दिलेली. ती आली, गाडीला गिऱ्हाईक बघितलं आणि वडिलांना घेऊन गेली. जाताना उस्तादांनी आमच्या घरी येऊन सगळ्यांचा निरोप घेतला. बंद टीव्हीकडेही एकदा बघितलं.

मी फोन करायचो. आधी दर रविवारी, मग आठवेल तसा. शर्यतीचं सांगायला लागलो की ते विषय बदलायचे. पुढच्या वर्षीच्या यादीत पोराचं नाव कुठेच नव्हतं. त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

परवा लातूरला कामानिमित्त गेलो तेव्हा त्यांच्याकडे जाऊन आलो. मुलीचं घर एका अरुंद गल्लीत. उस्ताद भिंतीला टेकून बसले होते. वाळलेले वाटले. माझा आवाज ऐकून चेहरा माझ्याकडे वळवला, थोडा इकडे, थोडा तिकडे, आणि मग मी त्यांना सापडलो.

"शर्यत बघता का?" मी विचारलं.

"बघत न्हाई, ऐकून राहतो. नातू लावून देते." ते हसले. "नुसत्या आवाजात सगळ्या गाड्या सारख्याच, सर. पुढं कोण, मागं कोण, काय कळत न्हाई. बरं वाटते."

मग त्यांनी बायकोची चौकशी केली. "ताई कंधारला कशा जातात? बसनं?"

"नाही. गाडीनं."

"एकट्या?"

"एकट्या."

 ते हात गुडघ्यावर ठेवून बसून राहिले. बाजूला कोणी नसलेली गाडी त्यांच्या डोळ्यांपुढे आली असेल. ते खूश झाले की घाबरले, मला अजून ठरवता आलेलं नाही.

निघालो तेव्हा ते हट्टाने दारापर्यंत आले. मी गल्लीच्या तोंडाशी पोचून मागे पाहिलं. उस्ताद उंबऱ्यात उभे राहून हात हलवत होते, पण माझ्याकडे नाही. समोरच्या किराणा दुकानापुढे माझ्यासारखाच पांढरा शर्ट घातलेला एक माणूस ऑटोची वाट बघत होता. उस्तादांच्या नजरेत उरलेल्या तेवढ्या फटीत नेमका तो आला होता.

त्या माणसाने आधी मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. मग त्याने जरा लाजत हात वर केला.

"सांभाळून जा, सर," उस्ताद म्हणाले.

"हो," तो माणूस म्हणाला.

उस्तादांनी दार लोटून घेतलं.