बशीतलं काळीज

यशोदा भोयर घरी आलेल्या माणसाला पाणी विचारायच्या आधी काळीज दाखवायची. या, बसा वगैरे सगळं नंतर. आधी त्याला खिडकीपाशी नेऊन शाळेच्या जुन्या पितळी सूक्ष्मदर्शकावर वाकायला लावायची आणि आपण कमरेवर हात ठेवून मागे उभी राहायची. "दिसलं? ते लुकलुक करून राह्यलं ना, ते काळीज होय त्याचं." दूधवाल्याने पाहिलं, पोस्टमनने पाहिलं, मुख्याध्यापिकाबाईंच्या यजमानांनी टोपी काढून पाहिलं. पाहून कोणी नुसतंच "हं" म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा आणि त्या माणसाला आमच्याकडचा चहा जरा पातळ मिळायचा.

काळीज असायचं मासळीच्या अंड्यातल्या जिवाचं. मोहरीहून थोडं मोठं, पिवळसर, काचेसारखं आरपार दिसणारं अंडं. सकाळी त्यात नुसता ठिपका असे, संध्याकाळपर्यंत पाठीची रेघ उमटे, मग दोन डोळे, आणि त्यांच्या खाली ते काळीज धडधडू लागे. पोटाला पिवळा गोळा चिकटलेला असे. "आईनं बांधून देल्लेली शिदोरी," असं ती त्याला म्हणायची.

वर्ध्याच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला आले ती नाशिकहून, पंचावन्न-छप्पनच्या सुमारास. यशोदा शास्त्र शिकवायची. दोघी बिनलग्नाच्या, त्यामुळे कोणी जागा देईना. शेवटी एका काकूंनी घरामागच्या दोन खोल्या दिल्या, पण घरात मासमच्छी शिजता कामा नये या अटीवर. यशोदाने शब्द दिला आणि पाळलाही. तिला काही शिजवायचं नव्हतंच. तिने काकूंच्याच काचेच्या बश्या मागून आणल्या आणि त्यात अंडी ठेवली. कळल्यावर काकूंनी घर डोक्यावर घेतलं. यशोदाने त्यांना हाताला धरून खिडकीपाशी नेलं. काकू बराच वेळ वाकून राहिल्या, उठल्या आणि निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून आल्या आणि दारातूनच विचारू लागल्या, "आज कसं आहे गं त्याचं?"

यशोदा कारंज्याकडच्या शेतकरी घरातली. वर्गात पुस्तकातलं मराठी बोलायची आणि उंबरठ्याच्या आत आली की वऱ्हाडी. मी सवयीने तिचं बोलणं सुधारायला जायची. "तुले समजलं, मले समजलं, मंग काय सुधारून राह्यली तू?" असं म्हणून ती मला गप्प करायची. ते सुधारणं मी वर्षभरात सोडलं. आता तर तिची आठवण आली की मनात वऱ्हाडीच येतं, आणि ती जाऊनही आता पुष्कळ काळ लोटला.

तिचा धाकटा भाऊ हिवतापाने गेला होता. हे तिने मला एकदाच सांगितलं, तांदूळ निवडताना, मान वर न करता. त्यामुळे डासांवर डीडीटी फवारणारी माणसं गल्लीत आली की तिचा उत्साह पाहावा. स्वतः भांडीकुंडी बाहेर काढून द्यायची, नाक मुरडणाऱ्या बायकांशी हुज्जत घालायची. आमच्या भिंतींवर त्या पावडरीचे पांढरे ओघळ असायचे आणि मी कुरकुरले की ती मलाच सुनवायची.

अंडी मिळत पिपरीच्या पलीकडच्या एका गावच्या तळ्यात. तळ्यावर मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे म्हातारे पुढारी सोनबाजी तिला ती आणून देत. मरळ नावाची मासळी पावसाळ्यात शेवाळ-गवत बाजूला सारून पाण्यात गोल जागा करते, तिथे अंडी तरंगतात आणि नर-मादी खाली पहारा करतात. पिल्लं निघाली की त्यांचा तांबडा थवा आईबापांमागे हिंडतो. सोनबाजींना बाईंचं कौतुक होतं, पण सूक्ष्मदर्शकाला ते कधी डोळा लावत नसत. यशोदा आग्रह करी आणि ते हात जोडून मागे सरत.

एका आषाढात सोनबाजी रिकामं मडकं घेऊन आले. सलग दुसऱ्या वर्षी तळ्यात मरळीचा थवा दिसला नव्हता. गावात बोलणं सुरू झालं होतं की हे त्या पावडरीमुळेच. पुढच्या फेरीला फवारणीवाल्यांना वेशीतच अडवायचं असं ठरत होतं आणि सोनबाजीही त्यात होते, कारण मरळ गेली तर ढिवरांच्या घरांना त्या तळ्यात उरण्यासारखं काही नव्हतं. पण त्याच गावात दोन पावसाळे एकही मूल थंडी वाजून अंथरुणाला खिळलं नव्हतं, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. मी यशोदाला विचारलं, तू कोणाकडून? ती चिडलीच.

"मले दोन्ही पायजे. पोट्टे बी पायजेत अन् पिल्लं बी पायजेत. एक घेऊन दुसरं सोड, असं काऊन म्हनतेत लोकं?"

तिने सोनबाजींना दुसऱ्या गावच्या तळ्यातून अंडी आणायला लावली. मग दोन बश्या मांडल्या. एकीत सोनबाजींच्या गावच्या तळ्याच्या घाटाजवळचं पाणी, दुसरीत त्याच तळ्याच्या लव्हाळ्याच्या कोपऱ्यातलं, जिथे मरळ अंडी घालायची. फवारणीच्या इन्स्पेक्टरांनाही बोलावून घेतलं. ते अमरावतीचे तरुण गृहस्थ, भले माणूस, गावात शिरता येणार नाही या काळजीने कोमेजलेले. आमची खोली त्या दिवसांत चावडी झाली होती.

दोन्ही बश्यांतली अंडी फुटली. दोन्हींत पिल्लं वळवळू लागली, कमीजास्त काही नाही. इन्स्पेक्टरांच्या जिवात जीव आला. सोनबाजी आपलं मडकं उचलू लागले. काकूंनी बश्या घासून परत मागितल्या. मलाही वाटलं, झालं, संपलं. यशोदा मात्र दोन्ही बश्यांवर हात आडवे धरून उभी राहिली.

"घाई करू नोका. आतापावतो ते कवचाच्या आड होते. बाहेरचं पानी त्याईले आत्ता लागलं. शिदोरी तरी संपू द्या."

शिदोरी संपत आली आणि दुसऱ्या बशीत फरक दिसायला लागला. पिल्लं आधी थरथरू लागली. मग एका कुशीवर होऊन गोल गोल फिरू लागली. घाटाच्या पाण्यातली त्यांची भावंडं शेजारच्या बशीत सरळ पोहत होती. यशोदाने एक थरथरणारं पिल्लू काचेखाली घेतलं आणि इन्स्पेक्टरांना बोलावलं. ते वाकले. मग त्यांनी मान वर करून डोळा रुमालाने पुसला आणि पुन्हा वाकले. "काळीज अडखळतंय," एवढंच म्हणाले.

सोनबाजी दाराशी उकिडवे बसले होते. यशोदाने त्यांना पाहायला सांगितलं नाही. ते आपणहून उठले, पागोटं काढलं आणि डोळा लावला. मग इन्स्पेक्टर आपल्याशीच म्हणाले, फवारा तर घरात होतो, भिंतीवर होतो, तळ्याच्या नेमक्या त्याच कोपऱ्यात पावडर पोहोचली कशी?

"तो कोपरा मीच दावला साह्यब," सोनबाजी म्हणाले. "तुमची मानसं फवाऱ्याचे पंप धुवाले घाटावर आलती. घाटावर बाया पानी भरतेत, बैल पितेत. म्हनून मी म्हनलो, तिकडं धुवा, लव्हाळ्यात, तिकडं कोनी जात नाई."

माणसं जात नव्हती म्हणून तर मरळ तिथे अंडी घालायची. गावाचं पाणी वाचवायला म्हणून त्यांनीच पंप, बादल्या तिकडे धाडल्या होत्या, दर फेरीला, स्वतः वाट दाखवत. यशोदा त्यांच्याजवळ जमिनीवर बसली.

"तुमी चांगल्यासाठीच दावला सोनबाजी. आता दुसरी जागा दावा."

दुसरी जागा त्यांनीच शोधली. तळ्यापासून अन् विहिरींपासून लांब, गाडीवाटेच्या पलीकडे, उंचवट्यावर. तिथे खड्डा खणला गेला आणि पंप, बादल्या तिथेच धुवायचं ठरलं. फवारणी थांबली नाही. इन्स्पेक्टरांनी ही रीत आपल्या बाकीच्या गावांतही चालू केली, हे मला नंतर कळलं.

थवा लगेच काही परतला नाही. पुढच्या श्रावणात यशोदा तळ्यावर जाऊन आली आणि चिखलाचे पाय धूत म्हणाली, चिखलात बसलेली पावडर जायला वेळ लागतो. मी धीर सोडला होता. तिचं "घाई करू नोका" चालूच होतं, पण हल्ली ते ती स्वतःलाच सांगत असावी असं मला वाटे.

त्याच्या पुढच्या श्रावणात, माझी नाशिकला बदली झाली त्याच महिन्यात, एका रविवारी सोनबाजी दारात येऊन उभे राहिले. हातात मडकं नव्हतं. यशोदाने सवयीने त्यांना खिडकीपाशी बोलावलं. ते जागचे हलले नाहीत.

"नाई बाई. आज तुमी चाला. आज मी दावतो."

आम्ही दोघी त्यांच्यामागून चिखल तुडवत गेलो. लव्हाळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी आम्हाला बसवलं आणि बोट दाखवलं. पाणी स्वच्छ होतं. त्यात मूठभर कुंकू सांडावं तसा तांबडा थवा हळूहळू सरकत होता आणि त्याच्याखाली दोन काळ्या पाठी. सोनबाजी कमरेवर हात ठेवून मागे उभे होते. "दिसलं?" त्यांनी विचारलं.

येणाऱ्याजाणाऱ्याला बोलून बोलून दमवणारी माझी मैत्रीण तेव्हा नुसतं "हं" म्हणाली. तेवढंच तिला जमलं. मग तिने पदर डोळ्यांना लावला, आणि थवा पलीकडच्या लव्हाळ्यात शिरेपर्यंत आम्ही तिघंही तिथेच थांबलो.