पुन्हा अर्पण

उपकारस्तुतीच्या सणाला चर्चच्या अंगणात अर्पणाच्या वस्तूंचा लिलाव चालला होता. मार्थाबाईंनी वाहिलेली कोंबडी पाय बांधून पायरीवर ठेवली होती. जो तो बोली लावून ती घ्यायचा, पैसे भरायचा आणि लगेच म्हणायचा, "पुन्हा अर्पण!" की परत लिलाव.

"अरे, कुणीतरी घरी न्या तिला. सकाळपासून पाणी नाही," मार्थाबाई म्हणाल्या.

पण आमच्यात घेतलेली वस्तू घरी नेणारा चिक्कू ठरतो. देवाला दिलं की आपण सुटलो, असं वाटतं. ही कोंबडी सारखी दिली जात होती आणि सुटत नव्हती.

या खेपेला बोली माझ्यावर थांबली. न्यायचीच, असं ठरवून मी उठलो. सगळे माझ्याकडेच बघत होते.

"पुन्हा अर्पण," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. कोंबडीनं चोच उघडली आणि तशीच उघडी ठेवली.