खोक्यातली हवा

कडा गावाच्या रस्त्याला पत्र्याची एक टपरी होती. तिथं भारत वूफरचे खोके करायचा. वूफर म्हणजे गाडीत सीटच्या मागं बसवतात तो मोठा स्पीकर. त्याचं गाणं कानाच्या आधी छातीला कळतं. ऊस होता तोवर कारखान्याकडं जाणारे ट्रॅक्टर भारतच्याच खोक्यांवर दणदणत जायचे. मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस गेला. ऊस वाळला, ट्रॅक्टर दारात उभे राहिले आणि भारतच्या टपरीत लाकडाच्या भुशाचा वास उरला.

माणूस हाताचा पक्का, पण मनाचा संशयी. प्लायवूड घेताना प्रत्येक फळी बोटानं वाजवून बघायचा. खोका बंद झाला की प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर बायकोच्या, पारूबाईच्या, नेलपॉलिशचा थेंब टाकायचा. मागून कुणी उघडला तर थेंब फुटलेला दिसावा. "माझं काम कुणी उसकटलं आन् नाव माझं गेलं, असं व्हायला नगं," म्हणायचा.

त्या साली पोळा झाला तरी जनावरं चारा छावणीतच होती. गावात सोसायटीची निवडणूक लागली. एका पॅनलचे पुढारी बद्रीनाथ, दुसऱ्याचे विठ्ठलराव. बद्रीनाथची जीप वाजत गावात शिरली की घरातली भांडी थरथरायची. विठ्ठलरावांच्या मनाला ते लागलं. भारत भीमनगरातला, आणि भीमनगर बद्रीनाथकडं झुकलेलं, हे त्यांना ठाऊक होतं. तरी ते टपरीवर आले, कारण असा खोका दुसरं कुणी करत नव्हतं.

खोका बघून मात्र ते बिथरले.

"आरं, ह्यो तर रिकामा हाय!"

"रिकामा कसा? आत हवा हाय."

"हवा बाहेर बी हाय की. तिला खोक्यात घालायचं काय काम?"

भारतनं उघडा वूफर हातात धरून तारा जोडल्या. पडदा जोरात पुढं-मागं हलायला लागला, पण आवाज मात्र चिरका. "बगा मालक. पडदा म्होरं गेला की म्होरली हवा दाबती आन् मागली इरळ होती. मदी भिंत न्हाई. मग दाबलेली हवा कडंनं पळती आन् मागची जागा भरती. जागच्या जागी फिटंफाट. तुमच्या छातीपस्तर काय यीलच न्हाई."

मग त्यानं तोच वूफर खोक्यात बसवला. टपरीचा पत्रा घुमला. विठ्ठलराव एक पाऊल मागं सरले.

"आन् हे भोक कावून पाडलंय? उंदरं घालायला?"

"कळशीच्या तोंडावर फुकल्यावर कशी घुमती? तसंच. आतली हवा दबती, फुगती, आन् भोकातल्या हवेला ढकलती. ती पडद्याच्या तालात बाहेर आली की दणका दुप्पट. भोक बुजलं की खोका मुका."

विठ्ठलरावांनी मान हलवली, पण नजर भोकावरच होती.

खोका जीपमध्ये बसला. भारतच्या मनात एकच हिशेब. ही जीप दहा गावांत वाजली की माणसं विचारतील, खोका कुणाचा? टपरी पुन्हा सुरू होईल. नाही वाजली, तर ऊसतोडीला जायचं. तिथंही ऊस नव्हता.

तेवढ्यात दुष्काळामुळं निवडणूक पुढं गेली. विठ्ठलरावांना शंका आली, जीप उघड्या गोठ्यात राहते, बद्रीनाथची माणसं खोक्यात काहीतरी करतील. त्यांनी खोका उचलवून घरात, आतल्या खोलीत ठेवला. किल्ली मात्र बायकोकडं, साखराबाईंकडं राहिली.

नवी तारीख आली. खोका पुन्हा जीपमध्ये चढला. विठ्ठलरावांनी चौकात जीप उभी करून गाणं लावलं. खोक्यातून नुसतं पुटपुटणं निघालं. समोरून बद्रीनाथचा कार्यकर्ता बिभीषण हसत गेला.

"विठ्ठलराव, सर्दी झाली का खोक्याला? वाफारा द्या!"

भारतला वाड्यावर बोलावणं आलं. ओसरीवर माणसं बसलेली. पाणी कुणी विचारलं नाही.

"किती दिलं बे बद्रीनाथनं?" विठ्ठलराव म्हणाले.

"मालक, आदी बगू तर द्या."

त्यानं स्क्रू बघितले. सगळे थेंब शाबूत. म्हणजे खोका कुणी उघडला नव्हता. तारा नीट, पडदा हलतोय. आता त्याला ओसरीवरच्या प्रत्येक माणसाचा संशय यायला लागला. त्यानं उदबत्ती पेटवून भोकासमोर धरली. धूर आत-बाहेर व्हायला हवा होता. तो सरळ उभा राहिला, देवळातल्यासारखा.

भारतनं भोकात बोटं घातली. बोटांना कापड लागलं. कापडात दाणे.

त्यानं मान वर केली. दाराच्या चौकटीत साखराबाई उभ्या होत्या. तोंडावर पदर, डोळे त्याच्यावर.

भारतनं बोटं भोकातून काढली आणि म्हणाला, "हितं धूळ लई हाय. आत नेऊन उघडतो. वैनी, बत्ती धरा."

ओसरीवरची माणसं एकमेकांकडं बघायला लागली. भीमनगरचा माणूस आतल्या खोलीत! पण विठ्ठलरावांना दणका हवा होता. "जा," म्हणाले.

वूफर निघाला. मागं लुगड्याच्या चिंध्या शिवून केलेल्या लांबट पिशव्या होत्या, गच्च भरून भोकातून आत सोडलेल्या. एक भोकाच्या नळीत ठासलेली. प्रत्येकीची दोरी नळीच्या आत खिळ्याला बांधलेली, परत ओढून काढता यावी म्हणून.

"मालदांडी ज्वारी हाय," साखराबाई हळूच म्हणाल्या. "बियाण्याची. कणगीतलं सगळं दळून परचाराच्या माणसांना घातलं त्यांनी. ह्ये बी दळा म्हनले. म्या म्हनलं, उंदरांनी खाल्लं."

"आन् भोकात कावून ठासली?"

"उंदरांच्या भ्यानंच की!"

भारतला हसू आलं आणि रागही आला. "वैनी, तुमची ज्वारी वाचली, पर माझं नाव गेलं. भाईर सांगू का?"

"सांगितलं तर आजच जात्यावर जाईल. परतीचा पाऊस झाला तर पेरायचं काय?" त्यांनी बत्ती खाली केली. "पेरणी होऊ दे. मी सांगंन त्यांना."

भारतला त्यांच्या शब्दाचा भरवसा नव्हता. पुढाऱ्याची बायको, आज हो म्हणेल, उद्या ओळखही देणार नाही. त्यानं पिशव्यांकडं बघितलं. मग वूफर काखेत मारला, वूफरच्या जागी एक फळी ठोकली आणि बाहेर आला.

"खोका बारका केलता. हवेला जागा पुरंना. चूक माझी. नवा करतो. ह्यो राहू द्या घरात, सामान ठिवायला."

दोन दिवसांत नवा खोका आला. जीप चौकात उभी राहिली आणि समोरच्या हॉटेलातल्या कपबशा वाजल्या. भारतला वाटलं, आता तरी.

विठ्ठलराव खाली उतरले. "म्हंजे तुला येत हुतं! पयला मुद्दामच मुका केलास." आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "परत माझ्या दारात पाय ठिवू नगंस."

बरोबर केलेल्या कामानंच त्याच्यावरचा आरोप खरा ठरवला. निवडणूक विठ्ठलराव हरले, तेव्हा त्याचंही खापर खोक्यावर फुटलं. कड्यात लोक भारतला बघून आवाज उतरवायचे. गिऱ्हाइकं खोका घेताना भोकात डोकावायची. परतीचा पाऊस झाला, विठ्ठलरावांच्या रानात ज्वारी उगवली, पोटरीत आली, कणसं निसवली. साखराबाईंकडून काही निरोप नाही. पारूबाई म्हणायची, "खुळा हायस. मोठ्या घरचं पाप पदरात घेतलंस." भारत प्लायवूडच्या तुकड्यांचे पाट करून विकायचा.

ज्वारी निघाली. बाजारच्या दिवशी, भर गर्दीत, विठ्ठलरावांची जीप टपरीसमोर थांबली. साखराबाई उतरल्या. विठ्ठलराव काच वर करून आतच बसून राहिले.

"भारतभाऊ, दोन खोके पायजेत."

भारतनं हातातली करवत खाली ठेवली नाही. "कुठल्या गाडीला?"

"गाडीला न्हाई. बियाण्याला. मागल्या साली तुझ्याच खोक्यात ज्वारी लपवली, म्हणून रान पेरलं. म्याच भोक बुजवलं हुतं, खोका मुका केला तो म्या." त्या ओरडल्या नाहीत, पण बाजारातल्या बाईचा आवाज तो, चारी बाजूंना गेला. समोरचा भाजीवाला तराजू धरूनच थांबला. "रात्री ह्यांना बी सांगितलं. सकाळपस्नं बोलत न्हाईत."

जीपची काच तसूभरही खाली आली नाही.

भारतनं जीपकडं बघितलं, मग बाईंकडं. संशय त्याचा अजून पुरता गेला नव्हता.

"आन् भोक पाडू का?" त्यानं विचारलं.

"भोक नगं बाबा," साखराबाई म्हणाल्या. "उंदरं शिरत्यात."

भारतनं कानामागची पेन्सिल काढली आणि फळीवर रेघ मारली.