तीन वाजेपर्यंत छबू सापडली पाहिजे

“हू इज छबू?” काचेपलीकडच्या मुलीने विचारलं.

मी कमलताईंकडे पाहिलं. कमलताईंनी पदर सारखा केला आणि माहेरी हाक मारल्यावर द्यावी तशी ओ दिली. “मीच की!”

“पण पासपोर्टवर तर कमल आहे.”

“पासपोर्टवर कमल. घरी छबू.”

“कुठल्या घरी?”

“माहेरी.”

मुलीने कीबोर्डवरून हात काढून घेतले. तेवढ्यावरून मला कळलं, की आज काही खरं नाही. एक वाजून दहा मिनिटं झाली होती आणि कागद घेण्याची खिडकी तीनला बंद होणार होती.

मित्रा आणि अनिकेत, मागे तुम्ही दोघा नातवंडांनी फोनवर विचारलं होतं, की आजी रिटायर झाल्यावर करते तरी काय. तर हे करते. खडकीच्या कारखान्यात मी बत्तीस वर्षं एस्टॅब्लिशमेंट सेक्शनला होते. कामगारांची सर्व्हिस बुकं, रजा, बढत्या, कोणाच्या घरात कोण कोण आहे त्याच्या नोंदी. दारूगोळा दुसरे लोक करायचे, मी कागद करायचे. आता ओळखीच्या लोकांना व्हिसाची फाइल लावून देते. बहुतेक जण साठीच्या पुढचे असतात आणि बहुतेक जणी बाळंतपणाला निघालेल्या असतात.

व्हिसा सेंटर म्हणजे दूतावास नव्हे, हे आधी लक्षात घ्या. दूतावासाने कागद गोळा करायचं काम एका कंपनीला दिलेलं असतं. कंपनी फाइल तपासते, बोटांचे ठसे घेते, फोटो काढते आणि सगळं पुढे पाठवते. व्हिसा द्यायचा की नाही, हे ती ठरवत नाही. थोडक्यात, एसी असलेली पोस्टाची पेटी. फरक एवढाच, की ही पेटी उलट प्रश्न विचारते.

कमलताई कांबळे आमच्याच गल्लीत राहतात. त्यांचे यजमान भीमराव आमच्या कारखान्यात फिटर होते. तीन वर्षांपूर्वी गेले. एकुलती एक मुलगी प्रज्ञा परदेशात नर्स आहे. देशाचं नाव लिहीत नाही. थंडीचा आहे, एवढं पुरे. तिचं पहिलंच बाळंतपण. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलेलं, जावई दिवसभर कामावर, आणि तारखेला पाच आठवडे उरलेले. आपल्याकडे पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी येते. प्रज्ञाला विमानात बसायची बंदी होती, म्हणून माहेरच तिच्याकडे निघालं होतं.

अपॉइंटमेंटसाठी मी अकरा दिवस सकाळ-संध्याकाळ वेबसाइट उघडत होते. एकदा हिरवा चौकोन, म्हणजे रिकामी वेळ, दिसला आणि मी तो पकडला. त्याच्या पुढचा हिरवा चौकोन बाळाच्या बारशानंतरचा होता. म्हणजे आज फाइल गेली तर गेली.

आणि आज ही मुलगी विचारत होती, छबू कोण.

गुंता होता प्रज्ञाच्या जन्मदाखल्यात. कमलताई त्या वेळी त्यांच्या माहेरी, वाशीमकडे, बाळंत झाल्या. दवाखान्यात माहिती द्यायला गेले त्यांचे वडील. बारसं व्हायचं होतं, म्हणून बाळाच्या नावाची जागा कोरी. बाळाच्या वडिलांचं नाव भीमराव कांबळे, बरोबर. आईचं नाव विचारलं, तेव्हा त्या माणसाने जन्मभर ज्या नावाने लेकीला हाक मारली तेच सांगितलं: छबू सखाराम वानखेडे. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती, पण बापाच्या तोंडी तेच नाव.

मी हा दाखला चार वेळा पाहिला होता. इंग्रजी भाषांतरही मीच करून घेतलं होतं. मला काहीही खटकलं नाही. आपल्याकडे निम्म्या पहिलटकरणींचे दाखले असेच असतात. मी चेकलिस्टवर ‘जन्मदाखला – आहे’ अशी खूण केली आणि पुढे गेले. चेकलिस्ट म्हणजे कोणते कागद हवेत त्याची कंपनीने दिलेली यादी. खूण करताना मी फक्त कागद आहे का ते पाहिलं, तो काय सांगतो ते पाहिलं नाही.

“मॅम, प्रॉब्लेम असा आहे,” ती मुलगी म्हणाली. चांगली होती हो पोर, आवाजही चढवत नव्हती. “इन्व्हिटेशन लेटरमध्ये प्रज्ञा मॅम लिहितात, माय मदर कमल. आणि इथे मदर आहे छबू. फादर सेम आहेत. उद्या तिथला ऑफिसर म्हणेल, की सरांची दुसरी...” ती थांबली.

“दुसरी काय?” कमलताईंनी विचारलं.

“म्हणजे, सेकंड वाइफ...”

“माझ्या नवऱ्याला दुसरी बायको? अगं, त्यांना एक झेपली नाही नीट!”

शेजारच्या काउंटरवरचे गृहस्थ फॉर्म भरायचे थांबले.

“मी नाही म्हणत मावशी, ऑफिसर म्हणेल.”

“मग बोलव त्याला.”

“तो इथे नसतो.”

“मुलीच्या पासपोर्टवर आईचं नाव असेल ना?” मुलीने मला विचारलं. नव्हतं. प्रज्ञा आता तिथली नागरिक आहे आणि तिथल्या पासपोर्टवर आईबापांची नावं नसतात. अ‍ॅफिडेव्हिट करता आलं असतं, पण तीनच्या आत नाही.

मुलीने दोन रस्ते सांगितले. एक, ‘कागद अपुरे आहेत हे मला सांगितलं, तरी मी माझ्या जबाबदारीवर देते’ अशा पत्रावर सही करायची आणि फाइल जाऊ द्यायची. दोन, फाइल परत घ्यायची आणि नवी अपॉइंटमेंट घ्यायची. पहिल्यात नकार यायची भीती, दुसऱ्यात बाळ आधी येणार याची खात्री. मला घाम फुटला. एवढ्या एसीत.

“पण मी आणला होता की तो कागद,” कमलताई शांतपणे म्हणाल्या.

“कोणता?”

“कारखान्यातला. त्यात छबू लिहिलंय. ह्यांनी पाकिटात जपून ठेवला होता. तुम्हीच म्हणालात, जादा कागद नको.”

त्या बोलल्या आणि मला तीन दिवसांपूर्वीची संध्याकाळ दिसली. कमलताईंनी पिशवी माझ्या टेबलावर रिकामी केली होती. लग्नाची पत्रिका, रेशनकार्ड, विजेची बिलं आणि एक पिवळं पाकीट. मी विचारलं, हे काय? त्या म्हणाल्या, कारखान्यातला कागद. मी म्हटलं, व्हिसाचा आणि कारखान्याचा काय संबंध? पाकीट न उघडता बाजूला ठेवलं. चेकलिस्टमध्ये नाही म्हणजे फाइलमध्ये नाही, हा माझा नियम. फाइल कशी सुटसुटीत हवी!

“तीनच्या आत ओरिजिनल आणला तर?” मी विचारलं.

“टोकन होल्डवर ठेवते. पण तीन म्हणजे तीन.”

आत मोबाइल चालत नाहीत. मी जवळजवळ पळत बाहेर आले, लिफ्टसमोर उभी राहून फोन सुरू केला आणि तुमच्या आजोबांना लावला. ते जेवून आडवे झाले होते.

“अहो, उठा! लोखंडी कपाट, दुसरा खण, राखाडी फाइल. लेबल आहे ‘जादा’. त्यात पिवळं पाकीट.”

खडखड ऐकू आली. मग म्हणाले, “अगं, ‘जादा’च्या तीन आहेत.”

“तीन?”

“‘जादा’, ‘जादा – जुने’ आणि ‘जादा – विचारावे’.”

“‘विचारावे’मध्ये बघा!”

“कोणाला विचारावे?”

“अहो, पाकीट आहे का सांगा!”

“आहे. फोटो पाठवू?”

“ओरिजिनल पाहिजे. रिक्षा करा आणि निघा. आत्ता.”

“शर्ट बदलू का?”

“नको!”

आत परत जाताना सिक्युरिटीवाल्याने पुन्हा अंगावरून मशीन फिरवलं. “एकदा बाहेर गेलं की आत घेत नाही, पाटी वाचली नाही का?” मी म्हटलं, “वाचली. इंग्रजीत आहे आणि तीत एक चूकही आहे. सोडा आता.” सोडलं.

मग सुरू झालं थांबणं. दीड. पावणेदोन. दोन. कमलताई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, “प्रज्ञा सकाळी रडत होती फोनवर. म्हणे, आई, भीती वाटते. नर्स आहे, दुसऱ्यांच्या शंभर बाळंतपणांना उभी राहिली असेल. पण स्वतःचं वेगळं ना.”

मी विचारलं, “पण त्या कागदात छबू आलं कसं?”

“काय सांगू! ह्यांना प्रज्ञाचं नाव कारखान्याच्या दवाखान्याच्या कार्डावर घालायचं होतं. ऑफिसात एक खडूस बाई होती. म्हणाली, दाखल्यावर छबू आहे, तुमच्या बायकोचं नाव कमल, आधी पुरावा आणा. दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा लग्नाचा दाखला आणि वाशीमच्या सरपंचाचं पत्र घेऊन गेले, तेव्हा कुठे लिहून घेतलं. किती वर्षं शिव्या घालत होते तिला.”

आमच्या सेक्शनला तेव्हा बाया दोनच होत्या. त्यातली दुसरी कोणालाच परत पाठवत नसे.

दोन चाळीसला काचेच्या दारापलीकडे आजोबा दिसले. घरातल्या चपला, बनियनवर जाकीट, हातात पिवळं पाकीट झेंड्यासारखं उंच धरलेलं. सिक्युरिटीवाला आत सोडेना. शेवटी त्याने स्वतःच पाकीट घेऊन माझ्या हातात आणून दिलं. मघाचा वाद त्याने मनावर घेतला नव्हता.

मी पाकीट उघडलं. कारखान्याचा कुटुंब-घोषणापत्राचा फॉर्म होता, सही-शिक्क्याची कॉपी. कामगाराच्या घरात कोण कोण आहे, ते त्यात लिहितात. केंद्र सरकारचा कारखाना, म्हणून सगळं इंग्रजीत. भाषांतराची गरज नाही. पत्नी: कमल. तिच्यापुढे निळ्या शाईत, तिरक्या आणि नीट अक्षरात एक जास्तीची ओळ: लग्नापूर्वीचे नाव छबू सखाराम वानखेडे, पुरावा पाहिला. खाली मुलगी प्रज्ञा, जन्मतारीख, गाव, सगळं दाखल्याशी जुळणारं. साहेबाची सही. आणि ओळीच्या शेवटी लिहिणाऱ्याची दोन अक्षरी छोटी सही.

माझी.

कमलताईंनी वाकून पाहिलं. तीन दिवसांपूर्वी त्यांच्या व्हिसाच्या फॉर्मवर तपासल्याची खूण म्हणून पेन्सिलने मी जागोजाग तीच सही केली होती. त्यांनी एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

“म्हणजे त्या खडूस बाई तुम्हीच?”

“मीच.”

“अगंबाई!” आणि त्या हसायला लागल्या. एवढ्या मोठ्याने, की काउंटरवाली मुलगी उठून उभी राहिली.

दोन पन्नासला तिने कागद वाचला, सुपरवायझरला बोलावलं. तरुण मुलगा होता. त्याने ओळ दोनदा वाचली, शिक्का उजेडात धरला. “आजी, डिसिजन आमचा नसतो. पण हे लागतंच होतं. आधी का नाही लावलंत?”

“जादा वाटला,” मी म्हटलं.

त्याने कागद स्कॅनला दिला. अपुऱ्या कागदांचं ते पत्र मुलीने फाडून टाकलं. दोन अठ्ठावन्नला कमलताई बोटांचे ठसे द्यायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा दहाही बोटं माझ्यासमोर नाचवत होत्या. “सगळी उमटली!”

खाली तुमचे आजोबा रसाच्या गाड्यावर उभे होते. कमलताईंनी त्यांना जय भीम केला आणि म्हणाल्या, “भाऊजी, तुमची बायको फार खडूस आहे. देव नाही मानत मी, म्हणून तुम्हालाच सांगते, तिला तसंच राहू द्या.” आजोबा म्हणाले, “माझ्या हातात कुठे आहे?”

पासपोर्ट सतराव्या दिवशी कुरिअरने आला. पाकीट फोडायचं धाडस दोघींनाही होईना, शेवटी आजोबांनी कात्री चालवली. व्हिसा होता. पुढच्या आठवड्यात मी कमलताईंना विमानतळावर सोडलं आणि त्या पोहोचल्यावर नवव्या दिवशी प्रज्ञाला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

तुम्ही शिकण्यासारखं म्हणाल तर एवढंच: कोणता कागद जादा आहे, हे कागद वाचल्याशिवाय ठरवू नये. हे मी बत्तीस वर्षं दुसऱ्यांना सांगितलं. राखाडी फायलींवरची तिन्ही लेबलं मी काढली आहेत आणि आता एकच लावलं आहे: ‘वाचावे’.

बाळाच्या तिसऱ्या दिवशी कमलताईंचा व्हिडिओ कॉल आला. मागे बर्फ, मांडीवर बाळ. मी बाळाचं नाव विचारलं. त्या म्हणाल्या, “ते नंतर. आधी ऐका. दवाखान्यात जन्माची नोंद करायला माणूस आला होता. मी प्रज्ञाला म्हटलं, थांब. तिचा पासपोर्ट काढला आणि बाळाच्या आईचं नाव त्यावरून अक्षर अक्षर लिहून घेतलं. वैतागला बिचारा.”

“मग?”

“मग काय, दोनदा परत पाठवला.”